पट्टकादंब खरंच एव्हरेस्टवरून उडतो का?

हिवाळा लागला की आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड ठरलेला असतो. मागे बर्फाचे डोंगर, वर व्ही आकारात चाललेला थवा (निम्म्या वेळा फोटो भलत्याच पक्ष्याचा असतो, ते सोडा) आणि खाली जाड अक्षरात "एव्हरेस्टवरून उडणारा हंस, पुढे पाठवा". मग त्याखाली नमस्कारांची रांग. पक्षी खरा आहे, दरवर्षी आपल्याकडे येतो आणि हिमालय ओलांडूनच येतो, त्यात काही खोटं नाही. पण एव्हरेस्ट म्हटलं की लोक वा वा करून मोकळे होतात, आणि तो पक्षी हे जमवतो कसं याकडे कोणी वळतच नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी, बहुतेक नाही, आणि शक्य असेल तर तो एव्हरेस्टच्या उंचीला जाणं टाळतोच.

पक्षी म्हणजे पट्टकादंब, बार हेडेड गूज. उजनीच्या बॅकवॉटरला भिगवणकडे दिसतो, पैठणला जायकवाडीवर दिसतो, नांदूर मध्यमेश्वरला दिसतो. राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे, पिवळी-केशरी चोच, वजन दोन-तीन किलो. भिगवणला आलेल्या प्रत्येकाला फ्लेमिंगो हवे असतात, कुंभारगावला होडीत पाय ठेवायच्या आधीच "फ्लेमिंगो किती आहेत हो" सुरू, आणि हे बिचारे काठावरच्या हिरवळीवर चरत असतात त्यांच्याकडे परत येताना सवड मिळाली तर बघायचं. पण जरा बसून बघा. मान खाली, चोच आडवी करून गवताचा शेंडा पकडायचा, झटका देऊन तोडायचा, दोन पावलं पुढे, परत तेच, तासन् तास. थव्यात एक-दोघं कायम मान ताठ करून उभे. होडी फार जवळ गेली की आधी त्यांचा नाकातून काढल्यासारखा आँग आँग आवाज येतो, मग बाकीचे बोलायला लागतात, मग सगळे पाण्याकडे चालत सुटतात. चालत, बरं का. अगदीच गळ्याशी आल्याशिवाय उडत नाहीत. ही सवय लक्षात ठेवा, कारण या पक्ष्याची सगळी गोष्ट त्यातच आहे.

उन्हाळ्यात यांची वीण मंगोलिया, तिबेटचं पठार, चीनमधलं चिंगहाई सरोवर, किर्गिझस्तान इकडे होते, आणि आपल्या लडाखमध्ये त्सो कार, त्सो मोरीरीच्या काठी. म्हणजे हिवाळ्यात भारतात यायचं तर बहुतेकांच्या वाटेत हिमालय येतोच. येताना जरा सोपं, कारण पठारच मुळात चार-साडेचार हजार मीटरवर, तिथून थोडं चढून मग खाली उतरायचं. परत जाताना मात्र मैदानातून निघून थेट भिंत चढायची.

एव्हरेस्टची गोष्ट कुठून आली? १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतला न्यूझीलंडचा जॉर्ज लो, त्याने शिखरावरून हंस जाताना बघितले असं सांगितलं जातं. आणि दुसरा लॉरेन्स स्वान, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ, एव्हरेस्टशेजारच्या मकालू शिखराच्या १९५४ च्या मोहिमेत होता. एप्रिलच्या एका थंड, शांत रात्री बरुण हिमनदीपाशी उभा असताना त्याला वरून, खूप वरून, हंसांचे आवाज ऐकू आले. दिसलं काहीच नाही, फक्त आवाज. समोर मकालू, वर आवाज, त्यामुळे हे शिखरावरून चाललेत असं त्याला वाटणं साहजिक होतं, मलाही वाटलं असतं. पुढे ती गोष्ट पुस्तकांतून, मासिकांतून फिरत राहिली आणि आता व्हॉट्सॲपवर आहे.

मग आले ट्रॅकर. ब्रिटनमधल्या बँगोर युनिव्हर्सिटीचे चार्ल्स बिशप, त्यांच्यासोबत लुसी हॉक्स आणि इतर बऱ्याच जणांनी भारतात आणि मंगोलियात पट्टकादंब पकडून त्यांच्या पाठीवर जीपीएसवाले सॅटेलाईट ट्रान्समीटर बसवले. २०१३ साली त्यांनी ९१ पक्ष्यांचा हिशोब मांडला. सगळ्यात जास्त नोंदलेली उंची ७,२९० मीटर. ही उंची काय कमी नाही, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, एकावर एक चार ठेवली तरी कमीच पडतात. पण ९५ टक्के नोंदी ५,४८९ मीटरच्या खालच्या होत्या. म्हणजे हे पक्षी शिखरांवरून जातच नव्हते, दऱ्या आणि खिंडी धरून, जमिनीला लागून, जितकं खालून जमेल तितकं खालून जात होते. काहीजण हे वाचून हिरमुसतात. मला उलट वाटतं, शिखर सर करायची हौस माणसाला, हंसाला पलीकडच्या तळ्यावर वेळेत पोचायचंय.

आणि वेळ कुठली निवडतात बघा. दिवसा हिमालयात उतारावर ऊन पडतं, हवा तापते आणि दरीतून वर वारा वाहायला लागतो. आपल्याला वाटेल की वा, फुकटची लिफ्ट, हिच्यावर बसून जावं. हे पक्षी तसं करत नाहीत. ते बहुतेक चढाई रात्री किंवा भल्या पहाटे करतात, जेव्हा तो वारा नसतो. कारण रात्रीची थंड हवा जास्त दाट असते, दाट हवेत पंखाखाली आधार जास्त मिळतो आणि प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही थोडा जास्त येतो, शिवाय वादळी वाऱ्याची भानगड कमी. २०११ सालच्या पेपरमध्ये याच हॉक्स-बिशप टीमने दाखवलं की उत्तरेकडे परत जाताना पक्षी जवळजवळ समुद्रसपाटीवरून निघून सात-आठ तासांत चार ते सहा हजार मीटर चढतात, तेही स्वतःचे पंख मारत.

सात-आठ तास! आपण विमानाने लेहला उतरतो (साडेतीन हजार मीटर फक्त) आणि टूरवाले दोन दिवस हॉटेलातून हलू देत नाहीत, डायमॉक्सच्या गोळ्या, गरम पाणी, जिना हळू चढा. मी पहिल्या रात्री डोकं धरून बसलो होतो आणि बायको म्हणत होती की तू तर सिंहगडला धावत जातोस ना. पुढे त्सो मोरीरीला हेच पट्टकादंब पिल्लं घेऊन फिरताना दिसले, मी चार पावलं टाकून धापा टाकत होतो आणि ती पिल्लं ओलसर गवतात एकमेकांच्या मागे पळत होती.

साधारण साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्मा. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर एक तृतीयांश. माणूस तिथे ऑक्सिजनच्या सिलिंडरशिवाय पहिल्यांदा गेला तो ८ मे १९७८ ला, मेसनर आणि हाबेलर, आणि तेही कित्येक आठवडे अंगाला सवय लावून, एकेक पाऊल मोजत. पक्ष्याची अडचण त्याहून वाईट आहे, कारण पंख मारत उडणं हेच मुळात प्रचंड खर्चाचं काम, त्यात हवा विरळ म्हणजे वर राहायला आणखी जोर लावायचा. ऑक्सिजन जिथे सगळ्यात कमी तिथेच तो सगळ्यात जास्त लागतो.

आता शरीराकडे. पहिली गोष्ट सगळ्याच पक्ष्यांकडे आहे, चिमणीकडे सुद्धा. आपलं फुफ्फुस म्हणजे एकच दार असलेली एसटी, त्याच दारातून उतरणारे आणि चढणारे, त्यामुळे जुनी हवा पूर्ण बाहेर पडतच नाही आणि नवी तिच्यात मिसळते. पक्ष्यांच्या फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते. मागे-पुढे हवेच्या पिशव्या असतात, आत घेतलेली हवा आधी मागच्या पिशव्यांत, मग फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांतून, मग पुढच्या पिशव्यांत आणि मग बाहेर. एका श्वासाची हवा पूर्ण फिरून बाहेर पडायला दोन श्वास लागतात, पण फुफ्फुसाला श्वास घेताना पण ताजी हवा आणि सोडताना पण ताजी हवा. पट्टकादंबाचं फुफ्फुस त्याच्या आकाराच्या इतर बदक-हंसांपेक्षा मोठं असतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की तो उथळ भरभर श्वास घेण्याऐवजी खोल श्वास घेतो, ज्याने वाया जाणारी हवा कमी होते.

दुसरी गोष्ट मला फार भारी वाटते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. उंचीवर जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड खूप कमी होतो. माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या त्याने आकसतात, म्हणजे आधीच ऑक्सिजनची मारामार आणि त्यात मेंदूचा रक्तपुरवठाही कमी, म्हणून चक्कर. पक्ष्यांमध्ये तसं होत नाही. मेंदूला रक्त मिळत राहतं, त्यामुळे हवा तितका श्वास घ्या.

मग रक्त. हिमोग्लोबिनचं काम ऑक्सिजन पकडायचा आणि नेऊन सोडायचा. हिमोग्लोबिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेल्या अल्फा आणि बीटा अशा साखळ्या. पट्टकादंबाच्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा साखळीत ११९ व्या जागेवर इतर हंसांसारखा प्रोलिनचा मणी नाही, अलानिनचा आहे. एवढ्याशा बदलाने दोन साखळ्यांमधला एक जोड सुटतो, रेणू जरा सैल होतो आणि ऑक्सिजन जास्त घट्ट धरतो, विरळ हवेतूनही. यातला कळस म्हणजे दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर राहणारा एक हंस आहे, अँडियन गूज, त्याच्यात त्याच जोडाच्या बरोबर समोरच्या बाजूला, बीटा साखळीत ५५ व्या जागेवर बदल झालेला आहे. जगाच्या दोन टोकांना दोन पक्षी, एकाने कडी काढली, दुसऱ्याने कोयंडा, दार दोघांचंही उघडलं. हे नुसतं कागदावर म्हणून सोडलं नाही लोकांनी, १९९१ साली माणसाचं हिमोग्लोबिन जिवाणूंकडून बनवून घेऊन त्यात हे बदल मुद्दाम केले आणि खरोखरच त्याची ऑक्सिजन धरायची ताकद वाढली.

स्नायूंचं थोडक्यात सांगतो, छातीच्या उडायच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं जास्त दाट असतं, आणि पेशीतले मायटोकॉन्ड्रिया (शाळेत पाठ केलेलं पेशीचं ऊर्जाघर, तेच) रक्तवाहिनीच्या जवळ, पेशीच्या कडेला सरकलेले असतात, म्हणजे ऑक्सिजनला आत कमी चालावं लागतं. इथेही तेच धोरण, वाटेत सांडायचं नाही.

पण हे सगळं मेलेल्या नाहीतर बसलेल्या पक्ष्यावर मोजलेलं. उडताना काय होतं? यासाठी जेसिका मेअर नावाच्या बाईंनी जे केलं ते वाचून मला हेवा वाटला. कॅनडात व्हँकूव्हरला ब्रिटिश कोलंबिया युनिव्हर्सिटीत त्या होत्या. अंड्यातून निघालेली पिल्लं डोळे उघडल्यावर जे पहिलं हलताना दिसेल त्याला आई समजतात, तर या स्वतःच आई झाल्या. पिल्लं मागे मागे फिरायची, मोठी झाल्यावर या सायकल नाहीतर स्कूटर चालवायच्या आणि हंस शेजारून उडायचे. मग त्यांना विंड टनेलमध्ये (समोरून जोराचा वारा सोडलेला बोगदा, पक्षी त्यात जागच्या जागी उडतो) उडायला शिकवलं, चोचीवर मास्क, पाठीवर छोटं यंत्र, आणि मास्कमधून मुद्दाम कमी ऑक्सिजनची हवा. नेहमीच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो आधी साडेदहा टक्के केला आणि मग ७ टक्के, म्हणजे जवळपास नऊ हजार मीटरवर मिळेल तितका. आणि ते उडाले. काही मिनिटंच, आणि टनेलमधली हवा दाट होती त्यामुळे खऱ्या नऊ हजार मीटरइतका पंखांना त्रास नव्हता हे खरं, पण उडाले.

मला वाटलं होतं की अशा वेळी हृदय धडधडून दुप्पट होत असेल. तसं काही झालं नाही. हृदयाचे ठोके नेहमीच्या उडण्याएवढेच राहिले, पंखांची लय तीच, आणि ऑक्सिजनचा खर्च मात्र खाली आला. पक्ष्याने बिल कमी केलं! शिवाय शिरांतून परत येणाऱ्या रक्ताचं तापमान उतरलं, आणि थंड रक्तात हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त पकडतं, म्हणजे उंचावरची ती जीवघेणी थंडी यांच्या उपयोगाची ठरत असणार, फुफ्फुसात थंडीमुळे जास्त पकडायचं आणि तापलेल्या स्नायूत नेऊन सोडायचं. हा पेपर सप्टेंबर २०१९ मध्ये आला आणि त्याच महिन्यात मेअरबाई स्वतः अवकाशात गेल्या. हो, त्याच. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कॉक यांच्यासोबत फक्त महिलांचा पहिला स्पेसवॉक केला त्याच जेसिका मेअर. हंसांची आई अंतराळवीर झाली, यावर फॉरवर्ड कसा नाही अजून?

खऱ्या हिमालयातलं मोजमाप बिशप यांच्या टीमने २०१५ ला दिलं. मंगोलियात पक्षी पकडून शरीरात छोटे लॉगर बसवले, त्यात हृदयाचे ठोके, शरीराची हालचाल, हवेचा दाब सगळं साठत राहायचं. ही माहिती आपोआप येत नाही, पुढच्या वर्षी तोच पक्षी परत पकडायला लागतो. उन्हाळ्यात जुनी पिसं गळून काही आठवडे यांना उडता येत नाही, तेव्हा तळ्यावर जाऊन पकडायचे. आणि हाती आला तो आलेख वरखाली वरखाली. मी तरी धरून चाललो असतो की एकदा वर चढले की तिथेच राहून सरळ जात असतील, एवढं चढलेलं कशाला वाया घालवायचं. तसं नाही. डोंगर आला की चढायचं, दरी आली की लगेच उतरायचं, परत डोंगर आला की परत चढायचं. त्यांनीच याला रोलर कोस्टर नाव दिलं.

हे परवडतं कसं, तर वर राहणंच इतकं महाग आहे. विरळ हवेत पंख जास्त भरभर मारावे लागतात, आणि पंखांची गती नुसती ५ टक्के वाढली तर हृदयाचे ठोके १९ टक्क्यांनी आणि लागणारी ताकद ४१ टक्क्यांच्या आसपास वाढते. म्हणून खाली उतरून दाट हवेत जायचं आणि पुन्हा चढायचं, तरी एकूण हिशोबात स्वस्त पडतं. उडतानाचे सरासरी ठोके निघाले मिनिटाला ३२८, जे हंसासाठी काही आटापिटा नाही. अधूनमधून डोंगराला आपटून वर वळलेला वारा लागला की तेवढा फुकट घ्यायचा. म्हणजे एवढी जय्यत तयारी अंगात असून पक्षी ती पूर्ण वापरतच नाही, शक्यतो राखून ठेवतो.

आता कोणी तरी कमेंटमध्ये गिधाड काढणारच म्हणून आधीच. २९ नोव्हेंबर १९७३ ला आयव्हरी कोस्टमध्ये आबिजानवर रुपेल्स व्हल्चर विमानाच्या इंजिनात सापडलं ते ३७,००० फुटांवर, साधारण ११,३०० मीटर. उंचीचा विक्रम त्याचाच. पण ते तरंगणारं गिधाड, गरम हवेवर बसून वर जातं, पंख मारत डोंगर चढणं वेगळं. मला त्यापेक्षा मोठा धक्का २०२१ साली बसला, ग्रेट स्नाईपने. चिखलात चोच खुपसून किडे खाणारा पक्षी, हातात मावेल एवढा, स्वीडनहून आफ्रिकेत जातो. त्याच्यावर लॉगर लावला तर तो ८,७०० मीटरपर्यंत गेलेला, आणि तेही दिवसा जास्त वर, रात्री खाली. त्याच वर्षी ग्रेट रीड वॉर्बलरचं पण तेच दिसलं, तीसेक ग्रॅमचा पक्षी, रात्री दोन हजार मीटरच्या आसपास आणि सहारा नाहीतर भूमध्य समुद्र ओलांडताना दिवस उजाडला की पाच हजारांच्या वर. यांच्या वाटेत तेवढ्या उंचीचा डोंगरच नाही, मग कशाला चढतात? संशोधकांचा अंदाज असा की उन्हात न थांबता पंख मारून अंग तापतं, आणि थंड व्हायला वरची हवा बरी. म्हणजे पट्टकादंब डोंगर आहे म्हणून नाइलाजाने चढतो आणि हे ऊन टाळायला चढतात. यावर अजून बरंच काम व्हायचंय, आणि हे लॉगर जसजसे हलके होत चाललेत तसतसे आणखी छोटे पक्षी काय काय करतात ते कळेल.

भिगवणला जाणार असाल तर मार्च उजाडायच्या आत जा. आणि एक तक्रार आहे, कोणाचं नाव घेत नाही, पण फ्लाईट शॉट पाहिजे म्हणून होडीवाल्याला थव्यात होडी घालायला सांगणारे मोठ्या लेन्सवाले लोक मी बघितलेत, दोन पैसे जास्त देतो म्हणून. जो पक्षी पंखाच्या गतीतल्या पाच टक्क्यांचा हिशोब ठेवतो त्याला चार लाईकसाठी दर वीस मिनिटांनी उठवायचं, ते पण नेमकं परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायच्या दिवसांत. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की लांबच थांब, तोही खूश होतो, डिझेल वाचतं. आणि मानेत प्लॅस्टिकची कॉलर असलेला पट्टकादंब दिसला तर तिचा रंग आणि तिच्यावरचं अक्षर-आकडे नीट येतील असा फोटो काढा आणि तारीख-ठिकाणासकट ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी जमवणारी वेबसाइट) टाका. मंगोलियात कॉलर घातलेले पक्षी भारतात सापडलेले आहेत, आणि तो कुठून कुठे आला हे कळायला तो एक फोटो पुरतो.